संत्र्याच्या फुलांचा सेंट आणि सोलापूरचा उन्हाळा

गेल्या महिन्यात माझी नणंद पुण्याहून चार दिवसांसाठी माहेरी आली होती. जाताना तिने माझ्या हातात परफ्यूमची एक बाटली ठेवली आणि म्हणाली, "वहिनी, फुलांचा आणि लिंबू-संत्र्याचा वास आहे याला. आपल्या उन्हाळ्यात वापरून बघा. पण एक आधीच सांगते, टिकत नाही." तिचे ते शेवटचे दोन शब्द माझ्या मनात राहिले. आपल्याकडे सुगंधाची परीक्षा बहुतेक वेळा याच एका प्रश्नाने होते की तो किती वेळ टिकतो. सकाळी मारलेला सेंट संध्याकाळी घरी आल्यावरही कपड्याला येत असला तर पैसे वसूल, नाही तर पाण्यात गेले. गेले चार आठवडे ही बाटली मी रोज वापरते आहे, आणि या जातीच्या सुगंधाला सर्वात आधी हाच प्रश्न विचारणे हा त्याच्यावर अन्याय आहे असे माझे ठाम मत झाले आहे.

बाटलीचे नाव मी लिहीत नाही. खोक्यावर बर्गमॉट, लिंबू, पेटिटग्रेन, नेरोली, जस्मिन आणि पांढरी कस्तुरी एवढे घटक छापलेले आहेत. याच घडणीचे परफ्यूम कमी-जास्त किमतींना पुष्कळ मिळतात, आणि मला जे सांगायचे आहे ते त्या सगळ्यांनाच थोड्याफार फरकाने लागू पडते.

मी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहते. परफ्यूमच्या दुकानात कागदाच्या पट्टीवर फवारा मारून वास दाखवतात, पण मला कागदापेक्षा आमच्या कापणी विभागातली कात्रणे अधिक भरवशाची वाटतात, कारण शेवटी आपण वावरतो ते सुती कपड्यांत. फक्त कात्रण रंग न दिलेले आणि खळ पूर्ण निघालेले असावे लागते, नाही तर पिठूळ वास मध्ये येतो. एप्रिलमधल्या एका सोमवारी सकाळी साडेसात वाजता मी अशा एका कात्रणावर एक आणि डाव्या मनगटावर एक फवारा मारला, कात्रण पर्समधल्या कप्प्यात ठेवले आणि सात रस्त्याला जाऊन कारखान्याच्या बसची वाट पाहत उभी राहिले.

पहिल्या क्षणाला जो वास येतो तो लिंबाच्या रसाचा नाही, सालीचा आहे, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. ताज्या लिंबाच्या सालीला नख लावले की तेलाचा जो बारीक तुषार उडतो आणि डोळ्याजवळ गेला तर चुरचुरतो, तसा हा वास आहे. त्यात आंबटपणा नावालाही नाही, किंचित कडवटपणा मात्र आहे. पाठोपाठ लिंबाचे पान बोटांत चुरगाळल्यावर येणारा हिरवा, देठाचा वास येतो. तो पेटिटग्रेनचा, म्हणजे कडू संत्र्याच्या पानांपासून काढलेल्या तेलाचा. मला या परफ्यूममधली ही पहिली दहा मिनिटे इतकी आवडतात की तेवढ्यासाठीसुद्धा मी तो विकत घेईन.

लिंबाच्या वासाची आपल्याकडे एक अडचण आहे. भांडी घासायच्या वडीपासून फरशी पुसायच्या द्रावणापर्यंत सगळीकडे तोच वास घातलेला असल्यामुळे लिंबू म्हटले की अनेकांच्या नाकाला आधी मोरी आठवते. त्या वस्तूंमध्ये लिंबाची जी धारदार बाजू उगाळलेली असते ती प्रामुख्याने सिट्रल या द्रव्याची असते. चांगल्या परफ्यूममध्ये लिंबाच्या जोडीला, आणि पुष्कळदा लिंबापेक्षा जास्त, बर्गमॉट घालतात. बर्गमॉट हे इटलीच्या दक्षिण टोकाला कालाब्रिया प्रांतात पिकणारे लिंबूवर्गीय फळ आहे, आणि अर्ल ग्रे चहाला जो वास असतो तो याच्याच सालीच्या तेलाचा. त्यात सिट्रल अगदी थोडे आणि लिनॅलिल अ‍ॅसिटेट भरपूर असते. लॅव्हेंडरच्या तेलातही हेच मुख्य द्रव्य असल्यामुळे बर्गमॉटचा वास फळाचा असूनही फुलांकडे झुकलेला, मऊ वाटतो. माझ्या बाटलीत हा समतोल चांगला साधला आहे, आणि मोरीची आठवण एकदाही झाली नाही.

बस कारखान्याच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत मनगटावरचे लिंबू सरलेले होते आणि फूल वर आले होते. ते मोगऱ्याचे नव्हते, गुलाबाचे तर नव्हतेच. ओळखीचे आहे एवढे कळत होते, पण नाव सापडत नव्हते. ते सापडवून दिले सासूबाईंनी. आम्ही सगळे त्यांना आत्याच म्हणतो. संध्याकाळी कात्रण त्यांच्या नाकाशी धरले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "अगं, हे तर लिंबाच्या बहाराचं फूल आहे. आपल्या बांधावरच्या झाडाखाली बसलं की असंच येतं."

मोहोळ तालुक्यात आमची थोडी शेती आहे आणि विहिरीजवळच्या बांधावर कागदी लिंबाचे जुने झाड आहे. पावसाळा सरता सरता पाणी तोडून हस्त बहार धरला की त्याला पांढरी, मेणचट पाकळ्यांची, कडेला जांभळट झाक असलेली फुले येतात आणि सकाळी त्यांचा वास विहिरीपर्यंत येतो. या बहाराची लिंबे ऐन उन्हाळ्यात, भाव चढलेला असताना हाती येतात, म्हणून घरात बहाराची चर्चा नेहमी पैशांच्याच अंगाने झाली, फुलांच्या वासाबद्दल कुणी बोलल्याचे मला आठवत नाही. आत्यांनी ते बरोबर ओळखले, कारण नेरोली हे लिंबाच्याच कुळातल्या फुलाचे तेल आहे.

हे फूल कडू संत्र्याचे. आपण सोलून खातो त्या नागपुरी संत्र्यापेक्षा हे झाड वेगळे. त्याच्या फळाचा मुरंबा करतात, पण सुगंधाच्या धंद्यात त्याची खरी किंमत फुलांना आहे. एकाच झाडापासून किती प्रकारचे वास मिळतात हे वाचून मी चकित झाले होते. फुले वाफेवर ऊर्ध्वपातित केली की नेरोली मिळते, तीच फुले द्रावकात बुडवून अर्क काढला की अधिक गडद, मधासारखा ऑरेंज ब्लॉसम अ‍ॅब्सोल्यूट मिळतो, पाने आणि कोवळ्या काड्यांपासून पेटिटग्रेन मिळते आणि सालीपासून कडू संत्र्याचे तेल. एक किलो नेरोलीसाठी साधारण एक टन फुले लागतात, आणि ती हाताने खुडावी लागतात. ट्युनिशियातले नाबुल हे गाव या फुलांसाठी प्रसिद्ध आहे. नेरोली हे नाव मात्र इटलीतल्या नेरोला गावावरून आले. १७व्या शतकात तिथल्या राजघराण्यातली आन मारी ओर्सिनी आपले हातमोजे आणि स्नानाचे पाणी या तेलाने सुगंधित करीत असे, असे सांगतात.

आत्यांनी आणखी एक गोष्ट काढली. त्यांच्या लहानपणी घरात कुणाला ताप भरला की कपाळावर युडी कोलनची घडी ठेवत. तो वासही यातलाच आहे असे त्या म्हणाल्या, आणि तेही खरेच आहे. योहान मारिया फारिना नावाच्या इटालियन माणसाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या कोलोन शहरात लिंबू, संत्रे, बर्गमॉट आणि नेरोली यांचे जे हलके सुगंधी पाणी विकायला काढले त्यालाच त्या शहराचे नाव मिळाले. आपल्या घरांत ते पोहोचले ते औषधाच्या दुकानातून, आणि उपयोगाला आले ते मद्यार्क उडताना कपाळ थंड पडते म्हणून. त्यामुळे आपल्या मागच्या पिढीतल्या अनेकांच्या मनात या सुगंधाची गाठ आजारपणाशी, आईच्या हाताशी आणि अंधार केलेल्या खोलीशी पडलेली आहे. आत्यांना तो वास घेताना गहिवरून आले होते.

आता टिकण्याबद्दल. लिंबूवर्गीय तेलांचा मोठा भाग लिमोनीन या द्रव्याचा असतो. त्याचे रेणू लहान आणि हलके असतात, त्यामुळे ते चटकन उडतात, आणि चटकन उडतात म्हणूनच ते सगळ्यांत आधी नाकापर्यंत पोहोचतात. ज्या गुणामुळे सालीचा तो तुषार इतका जिवंत वाटतो, त्याच गुणामुळे तो थांबत नाही. यात कुणी हलका माल वापरला असे नाही, द्रव्याचा स्वभावच तसा आहे. त्यात एप्रिल-मेचे सोलापूर म्हणजे बेचाळीस अंशांच्या पुढे जाणारा पारा आणि ओठ फुटावेत अशी कोरडी हवा. मनगटावर लिंबू मला वीस मिनिटे, फूल अडीच तास आणि कस्तुरीचा साबणासारखा स्वच्छ माग आणखी दीड तास असे मिळाले. पर्समधल्या कात्रणावर मात्र लिंबू तास-सव्वा तास होते, फूल संध्याकाळी आत्यांना दाखवण्याइतके शाबूत होते आणि कस्तुरी तिसऱ्या दिवशीही येत होती. कातडीची ऊब सुताला नसते आणि टॉवेलच्या फुगीर धाग्यांच्या लवेत तेल मुरून बसते, हे त्याचे कारण.

लिंबू पळून जाते ही अडचण सुगंध बनवणाऱ्यांनाही जुनीच आहे, आणि फुलांची जोड देणे हा त्यांनी काढलेला मार्ग आहे. एडमोंद रुदनित्स्का यांनी १९६६ साली डिओरसाठी 'ओ सोवाज' हा परफ्यूम केला तेव्हा त्यात हेडिओन हे जाईच्या सुगंधाशी नाते सांगणारे द्रव्य वापरले. ते लिंबाच्या मागे उभे राहून त्याचा ताजेपणा लांबवते, आणि स्वतः फूल म्हणून फारसे मिरवत नाही. त्यानंतर अशा घडणीच्या असंख्य परफ्यूममध्ये ते आले. माझ्या बाटलीतल्या 'जस्मिन'चे कामही बहुधा असेच आहे, कारण लिंबू आणि फूल यांच्यामधला सांधा मला अनेकदा प्रयत्न करूनही पकडता आला नाही. साडेसातला साल असते, सव्वाआठला फूल असते, पण बदल नेमका कधी झाला ते सांगता येत नाही. चांगल्या फुलांच्या-लिंबाच्या परफ्यूमची मला तरी हीच खूण वाटते. स्वस्त बाटल्यांत मध्येच एक रिकामी जागा येते, लिंबू संपलेले असते आणि नुसता स्पिरिटचा व साखरेचा वास मागे उरतो.

फुलाच्या गोडव्याबद्दलही थोडे सांगायला हवे. मोगऱ्याचा गजरा संध्याकाळी माळताना जो वास असतो तोच सकाळी केसांतून काढताना जड, कोंदट झालेला असतो. मोगरा आणि संत्र्याचे फूल या दोन्हींत इंडोल नावाचे द्रव्य असते, ते चिमूटभर असले तर फूल जिवंत वाटते आणि वाढले तर डांबरगोळीची आठवण होते. त्यांच्याच जोडीला मिथाइल अँथ्रॅनिलेट असते, ज्याचा वास द्राक्षाच्या चवीच्या गोळीसारखा येतो. उन्हात ही दोन्ही अंगावर येऊ शकतात, म्हणून भर उन्हाळ्यात नुसत्या पांढऱ्या फुलांचे परफ्यूम मला सोसत नाहीत. या बाटलीत वरून लिंबाच्या पानांचा कडवटपणा आल्यामुळे फुलांना आवर बसला आहे. दुपारी दोन वाजता, पंख्याचा वारासुद्धा गरम लागत असताना, मनगट नाकाशी नेल्यावर मळमळले नाही, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

रोजच्या वापरात हा परफ्यूम दुसऱ्यांना सोसवतो, आणि त्याचा मला सगळ्यांत जास्त आनंद आहे. कारखान्याच्या बसमध्ये आम्ही दाटीवाटीने बसतो, आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दम्याचा त्रास आहे. पूर्वी मी एक गोडसर, व्हॅनिलाचा सेंट वापरत असे, तेव्हा त्या काही न बोलता खिडकी उघडत असत, आणि त्याचे कारण मला उशिरा कळले. या चार आठवड्यांत त्यांनी खिडकी उघडली नाही, उलट एकदा विचारले, "मॅडम, कुणी लिंबू कापलंय का?"

वापरताना मी आता काही गोष्टी पाळते. आंघोळीनंतर हातांना बिनवासाचे क्रीम लावते, कारण कोरड्या कातडीवर सुगंध थांबत नाही, आणि खोबरेल तेल टाळते, कारण त्याचा स्वतःचा वास नेरोलीला गिळून टाकतो. एक फवारा अंगावर आणि दोन सुती साडीच्या किंवा कुडत्याच्या आतल्या बाजूला मारते. रेशमावर आणि फिक्या रंगावर अजिबात नाही, डाग पडतो. पाच मिलीच्या एका छोट्या कुपीत थोडा भरून पर्समध्ये ठेवते आणि जेवणाच्या सुट्टीनंतर एक फवारा पुन्हा घेते. बाटलीवर ईडीटी, म्हणजे ओ द त्वालेत, लिहिले आहे. अशा परफ्यूममध्ये सुगंधी तेलांचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असते, कोलनमध्ये २ ते ५ टक्केच, आणि ईडीपीत, म्हणजे ओ द पार्फममध्ये, १५ ते २० टक्के. याच घडणीचे ईडीपी घेतले तर तळाची कस्तुरी अधिक काळ मिळेल, पण लिंबू त्या प्रमाणात लांबणार नाही, म्हणून जास्त पैसे देण्यात मला अर्थ दिसत नाही. दुपारी दुसरा फवारा घेतला की सालीचा तो पहिला क्षण पुन्हा मिळतो, आणि तो कोणत्याही टिकाऊ परफ्यूममध्ये मिळत नाही.

उन्हाच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. बर्गमॉटच्या नैसर्गिक तेलात बर्गॅप्टेन हे द्रव्य असते, आणि ते कातडीवर असताना कडक ऊन लागले तर तिथे काळपट डाग पडतात. चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात गेल्यावर डाग पडतात तेही अशाच द्रव्यांमुळे. हल्ली परफ्यूममध्ये बहुधा बर्गॅप्टेन काढून टाकलेले तेल वापरतात, पण सुटे तेल आणून घरी मिसळणाऱ्यांनी सोलापूरच्या उन्हात हा प्रयोग करू नये. मी तर तयार परफ्यूमही गळ्यावर मारत नाही, कपड्यावर मारते.

दुसरी सावधगिरी मी स्वतःच्या नुकसानीतून शिकले. दोन वर्षांपूर्वी शहरातल्याच एका दुकानातून मी अशाच प्रकारचा परफ्यूम सवलतीत घेतला होता. ती बाटली काचेच्या कपाटात, दिव्याखाली, किती दिवस उभी होती कोण जाणे. घरी आणून फवारला तर लिंबाच्या जागी टर्पेंटाइनसारखा, जुन्या रंगाच्या डब्याचा वास आला, आणि मनगटावर लाल पुरळ उठले. परत घेऊन गेले तेव्हा 'सील फोडले आहे' एवढेच उत्तर मिळाले. लिमोनीन हवा, उजेड आणि उष्णता यांनी बिघडते, आणि बिघडल्यावर त्यातून तयार होणारी द्रव्ये कातडीला बाधतात, हे मी नंतर वाचले. या नव्या बाटलीला म्हणून मी लोखंडी कपाटातही ठेवले नाही, कारण आमचे कपाट पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे आणि चार वाजता त्याला हात लावला तर चटका बसतो. ती आतल्या खोलीत, माठाच्या मागच्या कोनाड्यात, तिच्या मूळ खोक्यात असते. जागा विचित्र आहे, पण घरात तिथेच सगळ्यात गारवा आहे.

हा परफ्यूम सगळीकडे चालतो असे मी म्हणणार नाही. मे महिन्यातल्या एका लग्नाला मी तो लावून गेले आणि मंगल कार्यालयाच्या दारातच तो हरवला. गजरे, अगरबत्त्या, जेवणाच्या पंगतीतला मसाल्याचा वास यांच्यापुढे नेरोलीचा आवाज पोहोचत नाही. अशा ठिकाणी विजापूर वेशीत रमजानच्या दिवसांत मिळणाऱ्या अत्तराचा एक फायाच बरा. पारंपरिक अत्तरात चंदनाच्या तेलाचा आधार असतो आणि ते दिवसभर अंगाला बिलगून राहते. हिवाळ्यातही, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास पहाटे थंडी असते तेव्हा, मला वाटते हा सुगंध फुलणार नाही. ते जानेवारीत पाहता येईल.

परवा सोमवारी आत्या सिद्धेश्वराच्या दर्शनाला निघाल्या होत्या. सुती लुगड्याचा पदर त्यांनी माझ्यापुढे धरला आणि काही बोलल्या नाहीत. मी आतल्या बाजूने एकच फवारा मारला. तळ्याकाठच्या वाटेवर वारा आला की तो येत होता आणि वारा पडला की जात होता. परत येताना त्यांनी विचारले, "या खेपेला बहार कधी धरणार आहेत?" पाणी तोडायचे ते पावसावर ठरेल. फुले आली की बाटली घेऊन आम्ही दोघी मोहोळला जाणार आहोत, एका हातात फांदी आणि एका हातात कात्रण धरून दोन्ही वास एकदा शेजारी ठेवून पाहायला.